बंद रुळांच्या कडेने

आमच्या तळोद्याला आगगाडी कधी आली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावातून गाडी गाठायची तर तापी ओलांडून नंदुरबारला जावे लागते. तरीही २०२२ साली आमच्या घरातून एक वृद्ध गृहस्थ रोज पहाटे पाच वाजता ड्यूटीवर निघत असत, आणि ती ड्यूटी रेल्वेची होती. ते माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्या वर्षी त्यांचे वय ८६ होते आणि माझे ६४. म्हणजे सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा, दोघेही ज्येष्ठ नागरिक. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हेच चित्र असेल, म्हणून हा अनुभव आपल्यापुढे ठेवतो आहे.

आप्पांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडल्याचे निदान त्याच्या तीन वर्षे आधी झाले होते. प्रथम नावे हरवली, मग वार आणि तारखा, मग आई गेल्याची आठवण. पाय मात्र शाबूत होते. पहाट झाली की ते उठत, धोतर नेसत, कोपऱ्यातली काठी घेत आणि कडी काढून बाहेर पडत. एकदा आम्हाला जाग आली तेव्हा अंथरूण रिकामे होते. दोन तासांनी एका दूधवाल्याने त्यांना मोटारसायकलवर बसवून घरी आणले. हातोडा पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ते अनवाणी चालले होते. दूधवाला म्हणाला, "बाबा खाली बघत चालले होते. मधूनच वाकत होते, जणू काही हरवलंय."

त्या दिवशी मी दाराला कुलूप लावले. आपणही कदाचित हेच केले असते. मात्र कुलूप लावल्यानंतरच्या पहाटा अधिक कठीण गेल्या. आप्पा दार हलवीत, हाका मारीत, रागावत. अशाच एका पहाटे दाराशी झटताना त्यांचा तोल गेला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. त्यांच्या सुरक्षिततेसाठी लावलेल्या कुलपानेच त्यांना जायबंदी केले होते. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला : "ते कुठे जायला निघतात, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का?"

मी रोजच विचारीत होतो, "आप्पा, कुठे निघालात?" परंतु तो प्रश्न नव्हता, तो दटावणीचा सूर होता. उत्तर ऐकून घेण्यासाठी मी एकदाही थांबलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याजवळ खाटेवर बसून मी शांतपणे विचारले. आप्पांनी माझ्याकडे नवख्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि म्हणाले, "बीट बघायला. सातच्या गाडीआधी झाली पाहिजे."

चालणे हीच नोकरी

आप्पा मध्य रेल्वेत होते. आधी गँगमन, नंतर की-मॅन. गावाकडे या माणसाला चावीवाला म्हणत. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या धक्क्यांनी सैल होतात. दोन रुळांच्या सांध्यावर फिशप्लेटचे बोल्ट असतात, तेही ढिले पडतात. उन्हाळ्यात रूळ तापून लांबतात, म्हणून सांध्यात फट सोडलेली असते. ती फट नीट आहे की नाही हे पाहावे लागते. की-मॅनने खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल व हिरवी झेंडी घेऊन नेमून दिलेल्या लांबीवर रोज पायी फिरायचे, नजरेने आणि कानाने प्रत्येक चावी तपासायची, सैल असेल ती ठोकून बसवायची. या नेमलेल्या फेरीला बीट म्हणतात. हातोड्याचा ठोका पडला की आवाजावरून चावी घट्ट आहे की सैल, हे कळते, असे आप्पा सांगत.

आयुष्याचा मोठा भाग त्यांनी असे चालत काढला होता. आम्ही ज्याला 'भटकणे' म्हणत होतो, ते त्यांच्या दृष्टीने कर्तव्य होते. ते घर सोडून पळत नव्हते, ते कामावर वेळेत पोहोचण्याची धडपड करीत होते. हे समजले आणि मला माझ्या कुलपाची लाज वाटली.

आप्पांची नोकरी झाली ती पाचोरा ते जामनेर या छोट्या रेल्वेवर. जळगाव जिल्ह्यातील जुन्या मंडळींना ती 'पी. जे.' या नावाने ठाऊक आहे. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची, ५६ किलोमीटर लांबीची ही नॅरोगेज. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि जामनेर अशी तिची स्थानके. कापसाच्या प्रदेशातून ती संथपणे दोन तासांच्या आसपास हा प्रवास उरकीत असे. बाजारकरू, विद्यार्थी, दवाखान्याला निघालेले रुग्ण, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाणारे भाविक, अशा सगळ्यांना तिचा आधार होता. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत देशभरातील गाड्या थांबल्या, तेव्हा ही गाडीही थांबली. इतर गाड्या पुन्हा धावू लागल्या, पी. जे. मात्र धावली नाही. पुढे या मार्गाचे रुंदीकरण करून तो जामनेरहून बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली. म्हणजे आप्पा ज्या रुळांवर चालले, ते रूळ आता इतिहासजमा होणार हे निश्चित झाले होते.

ते जाण्यापूर्वी आप्पांना एकदा तेथे न्यावे, असे माझ्या मनाने घेतले. पत्नीचा विरोध होता. "त्यांना त्रास झाला तर?" हा तिचा प्रश्न योग्य होता. आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेतला, मनगट जुळून येईपर्यंत थांबलो आणि डिसेंबरच्या थंडीत निघालो. नंदुरबारहून जळगावपर्यंत रेल्वेने आणि तेथून पहूरमार्गे शेंदुर्णीला गाडीने. सोबत माझा पुतण्या होता. रात्री नातेवाइकांकडे मुक्काम केला.

फाटकावरची सकाळ

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गाडी बंद असली तरी रूळ आणि त्याखालची जमीन रेल्वेचीच असते. परवानगीवाचून रुळांवरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आम्ही रुळांना समांतर जाणारी गाडीवाट निवडली आणि रूळ ओलांडले ते रस्ता जेथे त्यांना छेदतो त्या फाटकावर.

फाटकावर आल्यावर आप्पा थबकले. उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे पाहिले. लहानपणी त्यांनी आम्हा भावंडांना हेच शिकवले होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते किंचित वाकले आणि काठीच्या लोखंडी टोकाने त्यांनी रुळावर हलकेच ठोका दिला. मान तिरकी करून ऐकले. पुन्हा ठोका दिला. आदल्या रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटांनी 'जेवायला कधी वाढणार' असे विचारणारे आप्पा त्या क्षणी पूर्णपणे आपल्या कामात होते. ना ते शेंदुर्णी ओळखत होते, ना मला. पण रूळ त्यांना ओळखीचा होता.

वाटेने आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर चाललो. स्लीपरांमधून वेड्या बाभळी वाढल्या होत्या, वाळलेले गवत गुडघ्याला लागत होते. आप्पांचा चेहरा बदलू लागला. "गवत कोणी वाढू दिलं? गँग कुठे गेली? गाडीची वेळ झाली." मी मोठी चूक केली. मी म्हणालो, "आप्पा, गाडी बंद झाली. दोन वर्षं झाली." ते सुन्न झाले. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न आला, मी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे भरून आले. विसरणाऱ्या माणसाला दुःखाची बातमी दरवेळी नवीच असते, हे मला आईच्या बाबतीत कळायला हवे होते. "तुझी आई कुठे आहे?" असे ते विचारीत आणि मी प्रत्येक वेळी 'ती गेली' असे सांगून त्यांना पुनःपुन्हा विधुर करीत आलो होतो.

परिस्थिती सावरली ती पुतण्याने. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही रिपोर्ट द्या. मी लिहून घेतो." आप्पांनी डोळे पुसले, ताठ उभे राहिले आणि सांगू लागले : "लिही. गवत काढणे. सांध्याचे दोन बोल्ट ढिले. मोरीजवळ खडी कमी." पुतण्याने लिहिले आणि वाचून दाखवले. आप्पांनी मान हलवली. गाडी चालू आहे, असे खोटे आम्ही त्यांना सांगितले नाही. गाडी बंद आहे, हेही पुन्हा सांगितले नाही. जे त्यांना दिसत होते ते आम्ही केवळ लिहून घेतले. सोबत नेलेल्या घडीच्या स्टुलावर ते थोडा वेळ बसले, चहा प्याले, आणि दहाच्या आत आम्ही परतलो.

विस्मरणाचा उलटा प्रवास

असे का घडते, हे समजून घेणे सांभाळणाऱ्यांसाठी उपयोगाचे आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये असे निरीक्षण मांडले की, स्मृती ढासळू लागली की सर्वांत ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या आठवणी अधिक काळ टिकतात. म्हणून सकाळचे जेवण विसरलेल्या व्यक्तीला साठ वर्षांपूर्वीची नोकरी लख्ख आठवते. दुसरे असे की, प्रसंगांची आठवण आणि हातापायांच्या कौशल्याची आठवण या मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणांवर अवलंबून असतात. अल्झायमरमध्ये पहिली लवकर खचते, दुसरी तुलनेने उशिरापर्यंत साथ देते. म्हणूनच नाव विसरलेली आजी ओव्या म्हणते, शेवया वळते, आणि आप्पा रुळावर ठोका देऊन कान लावतात.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये आणखी एक विचार मांडला. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात तो बुद्धीचा ऱ्हास नसून आपल्या आयुष्याचा हिशेब लावण्याची स्वाभाविक गरज आहे, असे त्यांनी म्हटले. पुढे या विचारातून जुन्या वस्तू, छायाचित्रे, जागा यांच्या आधारे बोलते करण्याची पद्धत रूढ झाली. ती रोग बरा करीत नाही. मात्र काही काळ माणसाला आपण कोण होतो याचा आधार मिळतो, आणि सांभाळणाऱ्याला आपण कोणाला सांभाळत आहोत याचे भान राहते. माझ्यापुरते सांगायचे तर या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक होते.

घरी परतल्यावर आप्पांना शेंदुर्णीची सहल दुसऱ्याच दिवशी आठवत नव्हती. पण आम्ही काही शिकलो होतो. पहाटेचे कुलूप निघाले. साडेपाचला मी त्यांच्याबरोबर बाहेर पडू लागलो. घरापासून गल्लीच्या टोकापर्यंत, तेथून मोकळ्या मैदानाला वळसा घालून परत, अशी त्यांची नवी बीट ठरली. परत आल्यावर वहीत रिपोर्ट लिहायचा. 'गटाराचे झाकण तुटले.' 'दिव्याचा खांब कललेला.' 'कुत्र्याला पिल्ले झाली.' त्या झाकणात कोणाचा पाय अडकला असता, हे मी त्याच रस्त्याने वर्षानुवर्षे जात असूनही मला कधी दिसले नव्हते. पहाटे दाराशी होणारी झटापट थांबली. संध्याकाळची घालमेल मात्र पुष्कळदा होतच राहिली. हा आजार अशा उपायांनी मागे फिरत नाही, हे मान्य करूनच चालावे लागते.

माझ्या स्वतःच्या प्रकृतीलाही या बीटचा उपयोग झाला. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. सांभाळणारी व्यक्ती स्वतःच्या व्यायामासाठी वेळ नाही असे म्हणते, आणि ते खरेही असते. दोघांचे चालणे एकच झाले, तर तो वेळ निघतो.

आपल्याला असे जायचे असेल तर

आपल्या घरातील वडीलधारे कधी रेल्वेत, गिरणीत, खाणीत, जिनिंगमध्ये राबले असतील आणि ती जागा आज बंद पडली असेल, तर त्यांना एकदा तेथे नेण्याचा विचार अवश्य करावा. काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात.

जुन्या रेल्वेच्या कडेची वाट म्हाताऱ्या पायांना सोयीची असते, कारण गाडीला तीव्र चढ चढवत नाही आणि म्हणून मार्ग आखतानाच तो शक्यतो सपाट ठेवलेला असतो. याच गुणामुळे स्पेनमध्ये आणि अमेरिकेत बंद पडलेल्या शेकडो मार्गांच्या पायवाटा झाल्या असून तेथे वृद्ध व अपंग व्यक्तीही फिरतात. आपल्याकडे तशी सोय क्वचितच आहे. म्हणून कडेच्या सार्वजनिक रस्त्यानेच जावे. खडीवर चालू नये, कारण त्यात घोटा हमखास मुरगळतो. घाटातले जुने मार्ग तर टाळावेतच. बोरघाटात खंडाळ्याजवळ इंजिनाची दिशा बदलण्यासाठी बांधलेले आणि १९२९ मध्ये सोडून दिलेले जुने स्थानक प्रसिद्ध आहे, पण तो परिसर डोंगरी आहे आणि शेजारून चालू मार्ग जातो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाण्याची ती जागा नव्हे.

जुन्या कोळसा खाणींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे एकोणिसाव्या शतकात सरकारी खाण होती. त्या कोळशासाठीच वर्ध्याहून तेथवर रेल्वे नेली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकात ती खाण बंद पडली. जुन्या खाणींवरची जमीन वर्षांनंतरही खचू शकते, विवरांत पाणी खोल असते, बंद बोगद्यांत विषारी वायू साचतात. त्यामुळे अशा जागा गावाच्या रस्त्यावरून, माहीतगार स्थानिक माणसाबरोबर आणि दुरूनच पाहाव्यात. खाणीत काम केलेल्यांच्या फुप्फुसांत धूळ साचलेली असू शकते. त्यांना धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नये.

हिवाळ्यातील सकाळ निवडावी. मळलेली, रुंद तळव्यांची पादत्राणे घालावीत, नवी कोरी नव्हेत. मधुमेह असल्यास खडीसाखर किंवा गोळी खिशात ठेवावी आणि घरी आल्यावर पावले निरखून पाहावीत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला जखम कळत नाही. गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी. बसायला काहीतरी, पाणी आणि जवळचे स्वच्छतागृह यांची सोय आधी पाहून ठेवावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, पत्ता आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कायम असावी. एकट्याने कधीच नेऊ नये, किमान दोघे सोबत असावेत. आणि अडचणीत सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

शेवटची सूचना चालण्याची नाही, बोलण्याची आहे. "आठवतं का?" असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी "हे कसं करायचं, जरा सांगा" असे म्हणावे. आणि त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. शिक्षक म्हणून मी आयुष्यभर मुलांना सांगून लिहायला लावले. वडिलांचे ऐकून लिहायला मात्र चौसष्टाव्या वर्षी बसलो.

गेल्या वर्षापासून आप्पांचे चालणे थांबले आहे. आता ते बहुतेक वेळ अंथरुणावरच असतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आम्ही त्यांना कुशीवर वळवतो. खाटेला लोखंडी कठडा आहे. कधी कधी पहाटे ते बोटांनी त्या कठड्यावर ठोका देतात आणि ऐकत राहतात. मी शेजारच्या खुर्चीवरून सांगतो, "घट्ट आहे, आप्पा." मग वही उघडून तारीख घालतो आणि तेवढेच लिहितो.